कवितावाचनाची कार्यशाळा: तिसऱ्या तासिकेसाठी बोलवा, समारोपासाठी नको

सहा जोडतासिका, तीस मुलं, दोन प्रशिक्षक आणि शेवटी पालकांसमोर मुलांचं वाचन. मुंबईतल्या शाळांना सहावी ते नववीसाठी मिळणाऱ्या एका कवितावाचन कार्यशाळेचा हा आराखडा. ज्या गटाची कार्यशाळा इथे तपासली आहे त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. याच साच्याचं काम करणारे इतरही आहेत, आणि खाली जे लिहिलंय ते त्यांच्याशी बोलतानाही कामाला येईल. शुल्क तुकडीवर आहे, मुलांच्या डोक्यावर नाही. त्यामुळे तीसच्या जागी पंचेचाळीस मुलं बसवण्याचा मोह शाळेला होतोच, आणि कार्यशाळेचं मातेरं नेमकं तिथेच होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. तिसरी आणि चौथी तासिका सगळे पैसे वसूल करून देतात. पहिली वाया जाते. शेवटचा कार्यक्रम चांगला होईल की रटाळ, हे गटापेक्षा शाळेच्या हातात जास्त आहे.

मुळात ही स्पर्धा नव्हे, एवढं मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. शाळेत कविता म्हटली की डोळ्यांसमोर पाठांतर स्पर्धाच येते. ‘आकाश’ म्हणताना हात वर, ‘आई’ म्हणताना हात छातीवर, शेवटच्या ओळीला आवाज टिपेला आणि मग वाकून नमस्कार. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. साठ मुलांच्या वर्गातली ठरलेली चार मुलं दरवर्षी त्यात उभी राहतात आणि उरलेली छप्पन्न टाळ्या वाजवतात. कवितावाचनात कागद हातात असतो. विसरण्याची भीती गेली की लक्ष शब्दांकडे जातं, आणि मधल्या बाकावरचं, कधीच हात वर न करणारं मूलही उभं राहायला तयार होतं. या सेवेचं खरं गिऱ्हाईक ते मूल आहे. गट निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तीस मुलं तुम्ही निवडणार की आम्ही?’ ‘चुणचुणीत मुलं द्या’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. हा गट हजेरीपटावरचं एक सोडून एक नाव घेतो. ही रीत आम्हाला पटली.

पहिली तासिका खेळांची. गोल करून स्वतःच्या नावाशी यमक जुळवायचं, चेंडू झेलून एक शब्द सांगायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचे. सत्तर मिनिटांतली पन्नास यातच संपतात. पहिलीपासून एकाच तुकडीत बसलेल्या मुलांची एकमेकांशी ओळख करून देण्यात काय हशील? मुलं खूश होतात यात शंका नाही, पण ती ऑफ तासिकेलाही खूश असतात.

दुसऱ्या तासिकेत कविता निवडायच्या. गटाकडे चाळीसेक कवितांची फाइल असते. तिच्यात पाऊस, आई, झाड आणि मायभूमी यांचीच गर्दी. चाळ, लोकल, सोसायटीचा वॉचमन, मधल्या सुट्टीतलं भांडण असं काही शोधावं लागतं. शाळेने आपल्या ग्रंथालयातून दहा-बारा कविता आधीच काढून दिल्या तर ही उणीव भरून निघते. मर्यादा बारा ते सोळा ओळींची आहे, आणि ती योग्य आहे. सावकाश वाचली तर एवढी कविता साधारण मिनिटभरात होते. एका मुलाने जागेवरून उठून माइकपर्यंत येणं आणि परत जाणं यात अर्धा मिनिट जातं. तीस मुलांचे झाले पंचेचाळीस मिनिटं. श्रोत्यांची, त्यातून मागच्या रांगेत धाकटं भावंडं घेऊन बसलेल्या पालकांची, सहनशक्ती तेवढीच असते. कविता एकदाच बदलून मिळेल, असा नियम गटाने ठेवलाय. तो नसता तर मुलं पाचव्या तासिकेपर्यंत कविताच शोधत बसली असती.

आता तिसरी तासिका. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल आणि कवितेवर फक्त तीन प्रकारच्या खुणा. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, मोठ्या थांब्याला दोन, आणि प्रत्येक कडव्यात एकाच शब्दाखाली आडवी रेघ. दोन शब्दांवर जोर दिला तर दोन्ही शब्द पडतात, म्हणून एकच. पेनाने खुणा करू देत नाहीत, कारण पहिल्या वाचनानंतर निम्म्या खोडाव्या लागतात. फळ्यावर सरावासाठी केलेल्या चार ओळी असतात, साधारण अशा:

आजी म्हणते पाऊस
पडला की गाव आठवतं.
मला पाऊस पडला की आठवते
उशिरा येणारी लोकल.

वाचायला उठलेलं जवळजवळ प्रत्येक मूल ‘पाऊस’वर आवाज खाली टाकून थांबतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आजी नुसती ‘पाऊस’ एवढंच म्हणाली. मग पुढची ओळ ‘पडला’ने सुरू होते आणि कोण पडला ते कळेना. वर्ग हसतो आणि मुद्दा त्या हसण्यातच पोचतो. दुसरं टोक म्हणजे धड्यातल्या उताऱ्यासारखं सलग वाचून टाकायचं. मग ओळ तिथे तोडली होती हेच ऐकू येत नाही. तोडगा असा: ‘म्हणते’नंतर एक रेघ. ‘पाऊस’चा सूर वरच ठेवायचा, श्वास घ्यायचा नाही, किंचित रेंगाळून पुढच्या ओळीत उतरायचं. तिसऱ्या ओळीच्या टोकाला मात्र ‘आठवते’वर थांबायचं, कारण आजीच्या गावासमोर आता काय येतंय याची वाट बघायला लावायची आहे. चार ओळींत दोन टोकं आणि दोघांना वेगळी वागणूक. हे ठरवायला कुठलाही नियम कामाला येत नाही, अर्थच लावावा लागतो.

मुलांनी शाळेत कविता मोठ्याने वाचण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. ‘या ओळीचा अर्थ सांग’ म्हटलं की गाइडमधलं वाक्य येतं. ‘इथे का थांबलीस?’ म्हटलं की स्वतःचं उत्तर द्यावं लागतं, कारण ते कुठल्याच गाइडमध्ये छापलेलं नसतं. दहावीच्या मराठीत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो आणि त्यात ‘प्रस्तुत कवितेत कवीने अत्यंत समर्पक शब्दांत’ छापाच्या ओळींचा महापूर येतो. आठवीत-नववीत थांब्यांवर वाद घातलेल्या मुलाकडे लिहायला निदान एखादं तरी स्वतःचं वाक्य असतं.

संख्येचं गणितही इथेच कळतं. फळ्यावरची दहा मिनिटं सोडली तर साठ उरतात. एका प्रशिक्षकाकडे पंधरा मुलं, म्हणजे मुलामागे चार मिनिटं. तेवढ्यात एक कविता ऐकून दोन खुणा बदलता येतात. पंचेचाळीस मुलं बसवली की मुलामागे जेमतेम अडीच मिनिटं उरतात. तेवढ्यात ‘छान, बस’ एवढंच म्हणता येतं.

चौथी तासिका कानांची. जोड्या लावतात. एक जण वर्गाच्या एका भिंतीशी उभा राहून वाचतो, दुसरा समोरच्या भिंतीकडे तोंड करून, कागदाशिवाय ऐकतो. शब्द कळला नाही की हात वर. पहिल्या फेरीत हात कुठे वर होतात ते बघण्यासारखं असतं: ओळीच्या शेवटी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ तर त्याच्याही नंतर, आणि मुलाचा श्वास संपतो तोही तिथेच. ‘मी कधी घाबरलो नाही’ यातला ‘नाही’ गिळला की कविता उलटी होते. ‘मोठ्याने बोल’ असं ओरडून उपयोग नाही. मूल ओळीची सुरुवात आणखी मोठ्याने करतं आणि शेवट तितकाच बुडतो. इथे शिकवतात ते शेवटच्या तीन शब्दांआधी चोरटा श्वास घ्यायला. पेन्सिलीने तिथे बारीक टिंब काढायचं. दोन-तीन फेऱ्यांत फरक ऐकू येतो.

उच्चारांचं कामही याच तासिकेत होतं आणि मुंबईच्या वर्गात ते लागतंच. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा. ‘हे जग’ यातला ज आणि ‘तू जग’ यातला ज वेगळा. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून घरी मराठी न बोलणारं मूल दोन्ही एकाच घाटाने म्हणतं. हिंदी घरातल्या मुलाला ळ अवघड जातो, गुजराती घरातल्या मुलाला तो येतो, कारण त्याच्या भाषेत तो आहे. प्रशिक्षक चूक चारचौघांत दाखवत नाहीत, कागदावर त्या अक्षराभोवती गोल काढून देतात. एक मात्र खटकलं. गावाकडचा हेल असलेल्या एका-दोन मुलांचे ‘व्हतं’, ‘न्हाई’ही या गोलांत आले. कवितेतच बोलीभाषा असेल तर तो हेल ही त्या मुलाची जमेची बाजू आहे. तशी कविता फाइलीत ठेवून ती त्याच्याच हातात द्यायला हवी होती.

छंदातल्या कवितांकडे गटाचं लक्ष कमी पडतं. भुजंगप्रयातासारख्या वृत्तात, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या चालीत, बारा अक्षरांची ओळ घोड्यासारखी दौडत सुटते आणि मूल अर्थ मागे टाकून तिच्यावर स्वार होतं. अभंगाचं तेच. सहा-सहा-सहा-चार अक्षरांची ती ठेवण कानात इतकी बसलेली असते की मुलं वाचायच्या ऐवजी गायला लागतात. उपाय सोपा आहे. आधी कविता एकदा शेजाऱ्याला निरोप सांगितल्यासारखी गद्यात वाचून घ्यायची, मग वृत्तात, आणि तिसऱ्यांदा वृत्त कानात ठेवून पण बोलल्यासारखी. मराठीच्या बाईंना किंवा सरांना हे करता येतं. गटाने करायला हवं होतं.

पाचव्या तासिकेत माइक येतो. चाळीस माणसं बसतील अशा वर्गात माइक नकोच, हे गट स्वतःहून सांगतो आणि ते खरं आहे. सभागृह असेल, डोक्यावर दहा पंखे फिरत असतील आणि खिडकीबाहेर रस्ता किंवा रेल्वे असेल तर मात्र पर्याय नाही. माइक तोंडापासून एका मुठीच्या अंतरावर आणि नेमका समोर न ठेवता जरा हनुवटीच्या बाजूला. नाहीतर प, फ, ब, भ आले की स्पीकरमधून फटाके वाजतात. माइकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते. स्पीकर मुलाच्या मागे ठेवला तरीही वाजते, म्हणून स्पीकर वाचणाऱ्याच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. एका हातात माइक आणि दुसऱ्यात कागद दिला तर दोन्ही थरथरतात, म्हणून माइक स्टँडवरच हवा. स्टँडचा घोळ वेगळा. सहावीतल्या आणि नववीतल्या मुलांच्या उंचीत हातभर फरक असतो, आणि प्रत्येक वेळी स्क्रू सैल-घट्ट करण्यात कार्यक्रमाचा दम निघतो. मुलांचे उंचीनुसार तीन गट करा, म्हणजे स्टँड दोनदाच हलवावा लागतो.

कागदाकडे सगळेच दुर्लक्ष करतात. गटाने दिलेल्या छापील प्रती बारीक अक्षरात आणि पातळ कागदावर होत्या. पातळ कागद हातात फडफडतो आणि माइक ते इमानदारीत सगळ्यांना ऐकवतो. अठरा पॉइंटचं अक्षर, जाड कागद, एकाच बाजूला छपाई आणि ओळींमध्ये खुणांसाठी जागा, एवढं शाळेने स्वतः करून घ्यावं. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: लांब ओळ कागदाच्या काठाला आपोआप मोडून खाली आलेली नाही ना? तशी आली की मूल तिला नवी ओळ समजून थांबतं आणि तिसऱ्या तासिकेची मेहनत पाण्यात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. म्हणून प्रती पीडीएफमध्ये मागवा.

सहावी तासिका रंगीत तालमीची. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती होते.

मग कार्यक्रम. इथे आमचं आणि गटाचं जमत नाही. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, दोन भाषणं, प्रत्येक मुलाआधी सूत्रसंचालकाचं काव्यमय निवेदन आणि शेवटी प्रमाणपत्र वाटप. नुसती निवेदनं धरली, मुलामागे वीस सेकंद, तरी दहा मिनिटं होतात. मुलाने स्वतःच यावं, कवीचं नाव आणि शीर्षक सांगावं आणि वाचावं. कवीचं नाव घेणं हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय पहिलं वाक्य साधं असल्यामुळे आवाज माइकला बसतो आणि कवितेची पहिली ओळ वाया जात नाही. प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी वर्गात द्या. भिकेची झोळी घेतल्यासारखी तीस मुलं रांगेत उभी करून पाहुण्यांबरोबर फोटो काढायचं काहीच कारण नाही.

चित्रफितीचा मुद्दा गंभीर आहे. गट कार्यक्रमाचं चित्रण आपल्या पानावर टाकतो आणि परवानगीचा कागद त्याच दिवशी गर्दीत फिरवतो. पालकांची लेखी संमती आठवडाभर आधी घ्या, नको म्हणणाऱ्या मुलाला कॅमेऱ्याबाहेर ठेवायची सोय करा. शिवाय कवितांच्या हक्काचा प्रश्न असतो. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क टिकतो. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्याच श्रोत्यांसमोर शाळेने केलेल्या वाचनाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तेच वाचन इंटरनेटवर चढवणं ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी लागते.

अडखळत बोलणाऱ्या मुलांबाबत गट समजूतदार निघाला. अनेकांनी एका सुरात वाचताना अडखळणं बऱ्याचदा कमी होतं, म्हणून अशा मुलाला तिघा-चौघांच्या सामूहिक वाचनात घेतात आणि एकट्याने वाचायचं की नाही हे त्याच्यावर सोडतात. हा उपचार नाही, आणि गट तसा दावाही करत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांना याचा उपयोग थोडा वेगळा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पुस्तक आलं, तासिका आली, पण सातवीतलं मूल देवनागरी अजून अक्षर अक्षर लावत वाचतं. अशा मुलाला चार पानी धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावलं तर ते कंटाळतं. बारा ओळींची कविता मात्र खुणांच्या, जोडीच्या, माइकच्या निमित्ताने पंचवीस-तीस वेळा वाचून होते आणि आपण तेच तेच वाचतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. एकाच मजकुराच्या वारंवार वाचनाने ओघ येतो, हे वाचन शिकवणाऱ्यांना ठाऊक असतं. तोच मजकूर पुन्हा वाचायला निमित्त मिळत नाही, एवढीच अडचण असते. फक्त अशा वर्गासाठी मर्यादा आठ ओळींवर आणा.

सेवेतली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे गट गेला की सगळं संपतं. शिक्षकांसाठी काही टिपण नाही, त्यांना वर्गात बसायचं निमंत्रणही नाही. उलट त्या वेळेत त्यांना पेपर तपासायला मोकळं सोडल्याचं श्रेय गट घेतो. मराठीच्या शिक्षकाने तिसऱ्या आणि चौथ्या तासिकेला मागच्या बाकावर बसलंच पाहिजे, ही अट करारात घाला. मग पुढच्या वर्षी हे काम शाळेला स्वतः करता येईल. परिपाठात रोज एका मुलाची एक कविता, जास्तीत जास्त दोन मिनिटं, एवढ्याने ते वर्षभर चालू राहतं.

तारीख ठरवताना सगळ्यांना २७ फेब्रुवारी हवी असते, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. पण तो दहावी-बारावीच्या परीक्षांचा हंगाम. सभागृहात बाकं लावलेली, शिक्षक पर्यवेक्षणात, आणि एकाच आठवड्यात प्रत्येक शाळेला हाच गट हवा. जून ते ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपराखाली कार्यक्रम ठेवलात तर पाऊसच कविता वाचेल. डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी उत्तम. पंखे बंद ठेवता येतात आणि तेवढ्यानेही मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो. त्यासाठी ऑगस्टमध्येच तारीख धरून ठेवा. बोलणी करताना पहिल्या तासिकेच्या बदल्यात चौथी दोनदा मागा. गट कुरकुरतो, पण ऐकतो. आणि तिसऱ्या तासिकेच्या आदल्या दिवशी वर्गात तीस पेन्सिली आणि निदान दहा खोडरबर आहेत का ते बघून ठेवा, गट ते आणत नाही.